इंदूरचा खड्डा आणि जगाची परसबाग

शाळेच्या परसबागेत खताचा खड्डा करायचे ठरले, की त्याची कृती सांगणारे कोणीतरी हमखास भेटते. खाली पालापाचोळ्याचा थर द्या, त्यावर शेणकाला शिंपा, थोडी माती पसरा, थोडी राख टाका. असे थर रचत जा, पाणी शिंपडत राहा आणि दोन-तीन आठवड्यांनी सगळे वर-खाली करा. तीन महिन्यांत खत तयार. ही कृती कोठून आली असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : आपल्याकडे हे पूर्वापार चालत आले आहे.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. उकिरडा पूर्वापार आहे. पण थर, माती, राख, पाणी, वर-खाली करणे आणि तीन महिन्यांची मुदत ही सगळी कृती १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या एका संशोधन संस्थेत ठरली. तेथून ती चहाच्या मळ्यांवर, आफ्रिकेतल्या कॉफीच्या बागांत, इंग्लंड-अमेरिकेतल्या घरामागच्या अंगणांत गेली आणि पुन्हा आपल्याकडे आली. वाटेत गोठा सुटला, शेण सुटले, खड्डासुद्धा सुटला. तरी पद्धत टिकली. ती का टिकली हा या इतिहासातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग आहे.

उकिरडा आणि कंपोस्ट

जनावरांचे शेण, गोठ्यातला केरकचरा आणि चुलीतली राख एका जागी टाकून पावसाळ्यापूर्वी ती शेतात नेणे हा जगभरच्या शेतकऱ्यांचा जुना रिवाज आहे. रोमन लेखक कोलुमेला याने पहिल्या शतकात खतासाठी खड्डे करण्याच्या सूचना लिहून ठेवल्या आहेत. चीनमध्ये तर नदीतला गाळ, पेंढा आणि मैला एकत्र कुजवण्याची पद्धत फार काळजीपूर्वक पाळली जाई. फ्रँकलिन किंग हा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया व जपानमध्ये हिंडला आणि त्याने तेथील शेतीचे बारकाईने वर्णन केले. त्याचे ‘फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज’ हे पुस्तक १९११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. चार हजार वर्षे पिके घेऊनही जमीन थकली नाही, याचे कारण तेथे काहीच फुकट घालवले जात नव्हते, हे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडचे चित्र थोडे वेगळे होते. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्रज कृषिरसायनज्ञ १८८९ मध्ये भारतात आला आणि त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकऱ्याच्या कसबाची त्याने मोकळ्या मनाने स्तुती केली. पण एका गोष्टीकडे त्याने बोट दाखवले. सरपण मिळत नसल्यामुळे शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात होत्या आणि शेतात जायचे खत चुलीत जळत होते. शेतकऱ्याला खताचे महत्त्व कळत नाही असे नव्हते. त्याच्यापाशी जाळायला दुसरे काही नव्हते. मग प्रश्न असा उभा राहिला, की थोड्या शेणात जास्त खत कसे करायचे? इंदूरच्या कामाचे मूळ या प्रश्नात आहे.

लीबिगने पुसलेली पाटी

मधल्या काळात युरोपात रसायनशास्त्राने शेतीत प्रवेश केला होता. वनस्पती मातीतला ‘ह्यूमस’, म्हणजे कुजलेला काळा भाग, खाऊन वाढतात असा समज एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होता. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनज्ञाने १८४० मध्ये त्यावर घणाघात केला. वनस्पतींना कर्ब हवेतून मिळतो. मातीतून त्यांना लागतात ते खनिज पदार्थ. हे मूलतः बरोबर होते. १८४३ मध्ये लॉझ आणि गिल्बर्ट यांनी इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड येथे खतांचे दीर्घ प्रयोग सुरू केले आणि कारखान्यातल्या खतावरही गहू उत्तम येतो हे दाखवले. पुढे १९०९ मध्ये हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला.

या यशाच्या झगमगाटात कुजलेल्या खताकडे शास्त्रज्ञांचे लक्ष कमी झाले. वनस्पती ह्यूमस खात नाहीत हे सिद्ध झाले, तेव्हा ह्यूमसचा काही उपयोगच नाही असा चुकीचा अर्थ अनेकांनी काढला. ह्यूमस पाणी धरून ठेवतो, मातीचे कण एकत्र बांधतो, जिवाणूंना खाद्य पुरवतो या गोष्टी मागे पडल्या.

पुसा ते इंदूर

अल्बर्ट हॉवर्ड याचा जन्म १८७३ मध्ये इंग्लंडमधल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजमध्ये शिकून आणि वेस्ट इंडीजमध्ये बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करून तो १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी त्याने गॅब्रिएल मॅथेई हिच्याशी लग्न केले. गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजची संशोधक होती. पानांतील प्रकाशसंश्लेषणावर तपमानाचा काय परिणाम होतो यावरचे तिचे काम त्या विषयात पायाभूत मानले जाते. दोघांनी मिळून पुसा येथे गव्हाच्या नव्या जाती निवडल्या. १९१३ मध्ये तिला सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्र नेमणूक मिळाली.

पुसा येथे हॉवर्डला एक गोष्ट खटकत असे. तेथे बुरशीतज्ज्ञ वेगळा, कीटकतज्ज्ञ वेगळा, रसायनज्ञ वेगळा आणि जिवाणूतज्ज्ञ वेगळा. पीक मात्र एकच. माती, मुळे, जनावरे आणि पीक यांचा एकत्र अभ्यास करता येईल अशी जागा त्याला हवी होती. ती १९२४ मध्ये इंदूरला मिळाली. कापसाच्या संशोधनासाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. खर्चाचा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थानांनी उचलला. याच आवारात पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले.

काळ्या जमिनीत कापसाच्या नव्या जाती लावून उत्पन्न फारसे वाढेना, तेव्हा जमिनीचा कस आधी सुधारला पाहिजे हे उघड झाले. त्यासाठी खत हवे आणि शेण तर अपुरे. शेतात मात्र कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुरखाट्या, उसाचे पाचट, तण, पालापाचोळा असा ढिगांनी काडीकचरा पडत होता. या कामात हॉवर्डचा मुख्य सहकारी होता रसायनज्ञ यशवंत वाड. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : हॉवर्ड आणि वाड. गॅब्रिएल त्याच्या आदल्या वर्षी, १९३० मध्ये, वारली होती.

खड्ड्यात काय मोजले?

इंदूरच्या पद्धतीत नवे काय होते, हे नीट पाहू. पदार्थ बहुतेक सगळे जुनेच होते. पऱ्हाट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवत. बैलांच्या खुरांखाली आणि गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होई. हा चुरा नंतर जनावरांखाली अंथरत. गोठ्याची जमीन मातीची ठेवत. ती गोमूत्र शोषून घेई. दर तीन-चार महिन्यांनी ही माती खणून खतासाठी वापरत आणि नवी भरत. गोमूत्रात नत्र भरपूर असते आणि एरवी ते वाया जाते, हे येथे हेरले होते. आम्लता वाढू नये म्हणून लाकडाची राख वापरत, आणि कुजणे लवकर सुरू व्हावे म्हणून आधीच्या खड्ड्यातला अर्धवट कुजलेला, बुरशी आलेला माल विरजणासारखा घालत.

खड्डा सुमारे ३० फूट लांब आणि १४ फूट रुंद असे. खोली मात्र तीन फुटांहून जास्त नसे. लांबी-रुंदी कमी-जास्त चालेल, खोली नाही. कारण हवा ढिगात वरून दीड-दोन फुटांपर्यंतच शिरते. तेवढ्याने भागत नसेल तर पहारीने चार-चार फुटांवर उभी भोके पाडत. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचत. सुरुवातीला ढिगाचे तपमान सुमारे ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढे आणि तीन महिन्यांत हळूहळू ३० अंशांपर्यंत उतरे. मधल्या काळात माल दोन-तीनदा वर-खाली करत.

खरे नवे होते ते या सगळ्यामागचे गणित. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ ला १ ठेवावे. तयार खतात ते १० ला १ च्या आसपास येते. वाडांचे रासायनिक पृथक्करण या कामाचा कणा होते.

हा आकडा इंदूरला एकाएकी सापडला असेही नाही. रोदॅमस्टेडच्या हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी १९२१ मध्ये जनावरांशिवाय, नुसत्या पेंढ्यापासून शेणखतासारखे खत करून दाखवले होते. त्यासाठी त्यांनी पेंढ्यावर अमोनियाचे क्षार वापरले. १०० भाग पेंढ्याला सुमारे पाऊण भाग नत्र बाहेरून द्यावे लागते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन हा मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करत होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा तोच हा. वनस्पतींचे अवशेष किती वेगाने कुजतात ते त्यांतल्या नत्रावर अवलंबून असते, हे त्याने दाखवले. म्हणजे इंदूरच्या पद्धतीत चीनच्या शेतकऱ्यांचा अनुभव, माळव्यातला काडीकचरा आणि रोदॅमस्टेडची प्रयोगशाळा हे तिन्ही प्रवाह एकत्र आले. हॉवर्ड पुढे प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांवर तुटून पडला. पण त्याच्या पद्धतीला त्याच शास्त्राचा आधार होता.

तीसच का?

विद्यार्थी हा प्रश्न विचारतीलच. उत्तर सोपे आहे. कचरा कुजवतात ते जिवाणू आणि बुरशी. त्यांच्या शरीरात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण १० ला १ किंवा त्याहून थोडे कमी असते. पण खाल्लेला सगळा कर्ब शरीर बांधण्यास जात नाही. ढोबळमानाने दोनतृतीयांश कर्ब श्वसनात जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. ढीग तापतो तो याच ज्वलनामुळे. उरलेला एकतृतीयांश कर्ब शरीरात राहतो. म्हणजे दहा भाग कर्ब शरीरात राहायचा तर तीस भाग खावा लागतो, आणि त्यासोबत एक भाग नत्र पुरतो. म्हणून सुरुवात तीसच्या आसपास, शेवट दहाच्या आसपास.

नत्र कमी पडले, तर जिवाणूंची वाढ अडते आणि वाळका पाला वर्षभर तसाच राहतो. नत्र जास्त झाले, तर ते अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकाला झोंबते. पाणी जास्त झाले, तर हवा कोंडते, प्राणवायूविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. ढिगाचे काय बिघडले आहे, ते नाकाने ओळखता येते!

गोठ्याविना खड्डा

हॉवर्डने १९३१ मध्ये भारत सोडला. इंदूरला काम चालूच राहिले. त्याच्यानंतरचे संचालक जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ मध्ये वस्तीतील मैला व केरकचरा याच पद्धतीने कसा कुजवावा यावर पुस्तिका काढली. १९३५ मध्ये गांधीजींनी संस्थेला भेट दिली आणि ‘हरिजन’मधूनही या पद्धतीची माहिती प्रसिद्ध झाली. सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास बंगळूरला शहराच्या कचऱ्यासाठी वेगळी पद्धत बसवली. ‘बंगलोर पद्धत’ म्हणून ती ओळखली जाते.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाने या पद्धतीला अनपेक्षित वाट करून दिली. जहाजांवर हल्ले होत असल्याने धान्य व भाजीपाला बाहेरून येणे अवघड झाले. सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ ही मोहीम काढली. हिरवळी आणि फुलांचे वाफे खणून लोक बटाटे, कोबी, गाजरे लावू लागले. पण घरामागच्या अंगणात गाय कुठून आणणार? लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्याचा माळी एफ. सी. किंग याने बागेतल्या कचऱ्यापासून कंपोस्ट करण्याची कृती बसवली. त्याचे ‘गार्डनिंग विथ कंपोस्ट’ हे छोटे पुस्तक १९४४ मध्ये निघाले.

अमेरिकेत जे. आय. रोडेल या गृहस्थाने हॉवर्डचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ (१९४०) वाचले आणि मे १९४२ मध्ये ‘ऑरगॅनिक फार्मिंग अँड गार्डनिंग’ हे मासिक सुरू केले. त्याच्या संपादनात हॉवर्डचेही नाव होते. शेतकऱ्यांकडून त्याला फारसा प्रतिसाद मिळाला नाही. मिळाला तो घरामागे भाजी लावणाऱ्यांकडून. युद्धकाळात अमेरिकेत अशा परसबागांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली होती, असा अंदाज दिला जातो. १९५० नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील अभियंत्यांनी शहरी कचऱ्यावर प्रयोग केले. कचरा बारीक केला आणि वारंवार वर-खाली केला तर तीन महिन्यांचे काम दोन-तीन आठवड्यांत होते, असे त्यांना दिसले. हॅरॉल्ड गोटास याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात पुन्हा तेच आकडे येतात : सुरुवातीचे प्रमाण ३० ते ३५.

येथे मघाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘पऱ्हाट्या, शेण आणि गोमूत्राची माती घ्या’ एवढीच कृती असती, तर ती माळव्याबाहेर गेली नसती. पेनसिल्व्हेनियात पऱ्हाट्या नाहीत आणि लंडनच्या अंगणात बैल नाही. पण ‘कर्ब तीस, नत्र एक, ओल निम्म्याहून थोडी जास्त, आणि हवा’ असे सांगितले, की पऱ्हाटीऐवजी झाडांची पाने चालतात, शेणाऐवजी हिरवे गवत किंवा भाजीची देठे चालतात. पदार्थ बदलला तरी प्रमाण तेच राहते.

महाराष्ट्रातले धागे

यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ हा शब्द आला, हे अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. त्यांनी सुमारे १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधायला सांगितले. भिंतीत मधून मधून विटा गाळून भोके ठेवायची. त्यातून हवा आत जाते, म्हणून ढीग वर-खाली करण्याची मेहनत वाचते. सुमारे दीड टन काडीकचऱ्याला जेमतेम १०० किलो शेण पुरते. इंदूरने पहारीने उभी भोके पाडली, नाडेपने ती भिंतीत आडवी ठेवली. तत्त्व एकच : मध्यापर्यंत हवा पोचली पाहिजे. व्होल्करने १८९३ मध्ये जी अडचण मांडली होती, तिला हे सरळ उत्तर होते.

दुसरे नाव कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांचे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने शेतकऱ्यांना स्वतः मोजमाप करून, आपसांत माहितीची देवघेव करत शिकण्याची सवय लावली. ‘प्लेंटी फॉर ऑल’ (१९९८) या त्यांच्या पुस्तकात ही पद्धत मांडलेली आहे. पालापाचोळ्याची माती करून थोड्या जागेत, प्रसंगी घराच्या गच्चीवर, भाजी घेण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

मोजलेले आणि मानलेले

हॉवर्डचे सगळेच म्हणणे सारख्या पुराव्यावर उभे नव्हते, हे विज्ञानाच्या शिक्षकाने स्पष्ट सांगायला हवे. कंपोस्ट कसे करावे हे त्याने आणि वाडांनी मोजून सांगितले, आणि ते टिकले. पण ह्यूमस भरपूर असलेल्या जमिनीतली पिके आणि त्यांवर पोसलेली जनावरे रोगाला जवळजवळ बळीच पडत नाहीत, असेही त्याचे ठाम मत झाले. पुसा येथे शेजारच्या लाळ-खुरकूत झालेल्या जनावरांशी आपल्या बैलांचा संपर्क आला तरी त्यांना रोग झाला नाही, हा त्याचा आवडता दाखला होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा होत नाही. लाळ-खुरकूत आटोक्यात ठेवण्यासाठी लस लागते.

रासायनिक खताने जमीन लवकरच निकामी होईल, हे भाकीतही तसेच. रोदॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत आणि दुसऱ्याला रासायनिक खत दिले जात आहे. शंभराहून अधिक वर्षे दोन्ही पट्ट्यांत गव्हाचे उत्पन्न जवळपास सारखे आले. मात्र शेणखताच्या पट्ट्यात मातीतला सेंद्रिय कर्ब दुपटीहून अधिक झाला. प्रत्येक पक्षाला यातला आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा सांगायला आवडतो. ह्यूमसची कल्पनाही बदलली आहे. तो एक विशिष्ट, न कुजणारा पदार्थ आहे असे पूर्वी मानत. लेमन आणि क्लेबर यांनी २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले, की मातीतला सेंद्रिय भाग म्हणजे सतत कुजत असलेल्या अवशेषांची एक अखंड मालिका आहे. ती टिकते ती मातीच्या कणांना चिकटून राहिल्यामुळे.

कंपोस्ट शेतापेक्षा परसात का रमले, याचेही उत्तर हिशेबात आहे. कंपोस्टमध्ये नत्र साधारण एक टक्का असते. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे तर १० टन कंपोस्ट लागेल, आणि त्यातलेही सगळे नत्र पहिल्या वर्षी पिकाला मिळत नाही. पण १० टन प्रति हेक्टर म्हणजे एका चौरस मीटरला फक्त एक किलो. शेतकऱ्याला जे गाड्या भरून आणावे लागते, ते परसबागेला एका घमेल्यात मिळते. एका कुटुंबाचा रोजचा एक किलो ओला कचरा आणि जोडीला पालापाचोळा यांतून वर्षाला सुमारे सव्वाशे-दीडशे किलो कंपोस्ट होते. परसबागेला ते भरपूर पुरते. एका एकराला मात्र अशी पंचवीस-तीस घरे लागतील.

आणखी एक हिशेब नावांचा. बागकामाच्या पुस्तकांत या पद्धतीला बहुधा एकट्या हॉवर्डचे नाव दिले जाते. गॅब्रिएल हॉवर्डने पंचवीस वर्षे बरोबरीने संशोधन केले. यशवंत वाडांनी पृथक्करणे केली आणि हॉवर्ड गेल्यावरही काम पुढे नेले. वर्गात ही गोष्ट सांगताना तिन्ही नावे फळ्यावर लिहावीत.

वर्गासाठी

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. त्यानंतर अनेक शाळांत आणि सोसायट्यांत कंपोस्टच्या टाक्या आल्या. त्यांपैकी काही दुर्गंधीमुळे बंद पडतात. असे का होते, ते आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना गणिताने काढता येईल.

भाजीच्या ओल्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलोत २०० ग्रॅम कोरडा भाग. त्यात ४० टक्के कर्ब व २.५ टक्के नत्र धरले तर कर्ब ८० ग्रॅम आणि नत्र ५ ग्रॅम. प्रमाण १६ ला १. वाळक्या पानांत १० टक्के ओल धरा. एका किलोत कोरडा भाग ९०० ग्रॅम. त्यात ४५ टक्के कर्ब म्हणजे ४०५ ग्रॅम, आणि पाऊण टक्का नत्र म्हणजे ६.७५ ग्रॅम, प्रमाण ६० ला १. नुसता ओला कचरा टाकीत टाकला तर नत्र जास्त, पाणी जास्त, हवा कमी. मग वास येणारच. आता तीन किलो ओल्या कचऱ्यात एक किलो वाळकी पाने मिसळा. कर्ब ६४५ ग्रॅम, नत्र २१.७५ ग्रॅम, प्रमाण जवळजवळ ३०. पाणी ४००० ग्रॅमपैकी २५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६२ टक्के. हवेपेक्षा किंचित जास्त, एवढेच. वजनाने पाने एकतृतीयांश असली तरी आकाराने ती ओल्या कचऱ्याहून पुष्कळ जास्त दिसतात, हे ध्यानात ठेवावे. शाळेच्या आवारात झाडून जाळली जाणारी पाने ही टाकीची खरी गरज आहे.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. एक मीटर बाजूच्या घनाकृती ढिगाचे पृष्ठफळ ६ चौरस मीटर आणि घनफळ १ घनमीटर, गुणोत्तर ६. तीस सेंटीमीटर बाजूच्या बादलीसाठी हेच गुणोत्तर २० येते. म्हणून बादलीतली उष्णता लगेच बाहेर पडते आणि ती ६० अंशांपर्यंत तापत नाही. तिच्यातही खत होते, पण तणांचे बी आणि रोगजंतू मरतीलच असे नाही. बादलीत उरलेले मटण-मासे न टाकण्याचे हे एक कारण.

प्रयोग साधा आहे. तीन सारख्या बांबूच्या टोपल्या घ्या. पहिलीत नुसता ओला कचरा, दुसरीत नुसती वाळकी पाने पाणी शिंपडून, तिसरीत वरच्या प्रमाणातले मिश्रण. दोन महिने रोज एकाच वेळी अल्कोहोलच्या तपमापकाने मधले तपमान आणि बाहेरचे तपमान नोंदवा. दर आठवड्याला वजन करा, माल वर-खाली करा, वास आणि रंग लिहा. माल हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. दोन महिन्यांनी तिन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. मिश्रणाचे वजन इतके का घटले, तो कर्ब कोठे गेला, असे विचारावे. त्यानंतर मुलांना सांगावे, की इंदूरच्या काळ्या जमिनीवर शंभर वर्षांपूर्वी वाड आणि हॉवर्ड हेच करत होते. फरक एवढाच, की त्यांच्या टोपलीची लांबी तीस फूट होती.